छत्रपति : एका पदाची कथा

डेन्मार्क देशांत राजाला ‘कोंगे’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी ‘किंग’ शब्दाचा भाऊ होय. दोहोंचें मूळ प्राचीन जर्मानिक भाषेंतील कुलवाचक शब्दांत आहे. म्हणजे थोर कुळांत जन्मला तो राजा. आपल्या ‘छत्रपति’ पदाचा अर्थ निराळा आहे. ‘छद्’ म्हणजे झांकणें, त्यापासून छत्र. अर्थात् ज्याच्या छत्राखालीं प्रजेला सावली मिळते, तो छत्रपति.

हें पद धारण करणाऱ्या शिवाजीमहाराजांस तें जन्मानें मिळालें नव्हतें. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला, तेव्हां वडील शहाजीराजे परक्या दरबारचे सरदार होते. महाराजांचें बालपण पुण्यांत गेलें. आपल्या बिबवेवाडीहून उत्तरेस कसबा पेठेकडे गेलें म्हणजे लाल महालाचा परिसर लागतो. तेव्हांचें पुणें शत्रूनें उजाड केलेलें होतें. जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांनीं तें पुन्हां वसविलें.

पुढें महाराजांनीं गड जिंकले, आरमार उभारलें, १६६३ सालीं याच लाल महालांत शाएस्तेखानावर छापा घातला. तरीही विजापूरकरांच्या लेखीं ते एका सरदाराचे बंडखोर पुत्रच होते. १६६८ सालीं औरंगजेबानें त्यांस ‘राजा’ हा किताब दिला. परंतु जो किताब दुसरा देतो, तो दुसरा काढूनही घेऊं शकतो. हें महाराजांनीं पुरतें ओळखलें होतें.

म्हणून ६ जून १६७४ रोजीं रायगडावर काशीचे विद्वान् गागाभट्ट यांच्या हस्तें त्यांनीं विधिपूर्वक राज्याभिषेक करविला. शिवराई नाण्यावर ‘छत्रपति’ हीं अक्षरें उमटलीं. पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव अशीं संस्कृत नांवें मिळालीं. दरबारांतील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही महाराजांच्या आज्ञेनें तयार झाला. भाषा आपली असल्यावांचून राज्य पुरतें आपलें होत नाहीं, हें त्यांनीं जाणलें होतें.

हा सोहळा डोळां पाहून जिजामातेनें थोड्याच दिवसांत देह ठेविला. महाराजही ३ एप्रिल १६८० रोजीं रायगडावर कैलासवासी झाले. छत्र त्यांनीं सहाच वर्षें धरिलें. परंतु त्या छत्राची सावली त्याआधीं कितीतरी वर्षें रयतेवर पडत आली होती.

विद्यार्थिमित्रहो, पद आधीं मिळतें आणि योग्यता मागून येते, असें पुष्कळांच्या बाबतींत घडतें. महाराजांच्या बाबतींत योग्यता आधीं आली, आणि पद तिच्या मागून चालत आलें.