लोकनायक बापूजी अणे : पदापेक्षा मत मोठे

मतभेद झाला की माणसे दुरावतात आणि पद मिळाले की मतभेद विरून जातो, हा राजकारणातील नित्याचा अनुभव. लोकनायक माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांचे सुमारे साठ वर्षांचे सार्वजनिक जीवन या दोन्ही अनुभवांना छेद देणारे आहे. लोकमान्यांचे अनुयायी, गांधीजींच्या चळवळीतील सत्याग्रही, काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, काँग्रेसमधून फुटून निघालेल्या पक्षाचे नेते, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, स्वतंत्र भारतातील राज्यपाल आणि अखेर नागपूरचे अपक्ष खासदार, असा त्यांचा प्रवास आहे. वरवर पाहणाऱ्याला तो पक्षांतराचा वाटेल. परंतु यातील प्रत्येक वळणावर बापूजींनी काय मिळवले यापेक्षा काय सोडले, याचा हिशेब मांडला की चित्र पालटते.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. संस्कृत विद्येचा वारसा त्यांना घरातूनच लाभला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर काही काळ अमरावतीत त्यांनी अध्यापन केले आणि पुढे यवतमाळला वकिली सुरू केली. वऱ्हाड हा त्या काळी लोकमान्य टिळकांचा बालेकिल्ला होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे तेथील प्रमुख सहकारी. तरुण अणे याच परंपरेत घडले आणि होमरूल चळवळीत अग्रभागी राहिले.

१९२० मध्ये टिळकांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने गांधीजींच्या असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. टिळकपंथीयांपुढे तेव्हा मोठा पेच उभा राहिला. असहकाराचा मार्ग त्यांच्यापैकी अनेकांना पटलेला नव्हता. दादासाहेब खापर्डे काँग्रेसपासून दूर झाले. अणे मात्र काँग्रेसमध्येच राहिले आणि विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले. आपले मत त्यांनी लपविले नाही. १९२५-२६ मध्ये स्वराज्य पक्षाच्या कायदेमंडळातील सरसकट अडवणुकीच्या धोरणाला विरोध करून बॅ. जयकर, न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभारला. सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे आणि उरलेल्यासाठी लढावे, ही टिळकांची शिकवण त्यामागे होती. तरीही १९२८ मध्ये भारताच्या राज्यघटनेचा आराखडा तयार करण्यासाठी पंडित मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली सर्वपक्षीय समिती नेमण्यात आली, तेव्हा तिच्यात अणे यांना स्थान मिळाले. दोनच वर्षांपूर्वी ज्यांच्या धोरणाला त्यांनी उघड आव्हान दिले होते, त्याच मोतीलालजींच्या शेजारी बसून ते घटनेचा विचार करीत होते.

१९३० च्या सविनय कायदेभंगात वऱ्हाडापुढे एक व्यावहारिक अडचण होती. येथे समुद्र नाही, तेव्हा मिठाचा कायदा मोडायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर जंगल सत्याग्रहात सापडले. राखीव जंगलातील गवत व लाकूड यांवरील निर्बंध शेतकऱ्याला आणि आदिवासीला रोज जाचत होते. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ बापूजींच्या नेतृत्वाखाली गवत कापून हा कायदा मोडण्यात आला आणि त्यांना कारावास पत्करावा लागला. कायदेमंडळाच्या कामावर विश्वास असलेला, पन्नाशीला पोहोचलेला हा वकील वेळ आली तेव्हा हाती विळा घेऊन उभा राहिला. पुढे हा सत्याग्रह मध्यप्रांत-वऱ्हाडात सर्वत्र पसरला.

त्यांच्या निःपक्षपातीपणाची ख्याती एव्हाना प्रांताबाहेर गेली होती. बंगालच्या काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस आणि जे. एम. सेनगुप्त यांचे गट एकमेकांविरुद्ध उभे ठाकले, तेव्हा १९३१ मध्ये तो वाद मिटविण्यासाठी लवाद म्हणून वऱ्हाडातील या नेत्याची निवड झाली. १९३३ मध्ये तर काँग्रेसच्या हंगामी अध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडे आली. बहुतेक नेते तुरुंगात होते आणि चळवळ थकली होती. गांधीजींशी विचारविनिमय करून सामुदायिक कायदेभंग थांबविण्याचा आणि तो वैयक्तिक सत्याग्रहापुरता मर्यादित ठेवण्याचा अप्रिय निर्णय त्यांना जाहीर करावा लागला. त्याबद्दलची टीकाही त्यांनी सोसली.

पुढच्याच वर्षी त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी लागली. ब्रिटिश सरकारच्या १९३२ च्या जातीय निवाड्याचा काँग्रेसने स्वीकारही करू नये आणि धिक्कारही करू नये, असे धोरण कार्यकारिणीने ठरविले. राष्ट्रीय ऐक्याला बाधक ठरणाऱ्या निवाड्याबाबत मौन पाळणे पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे यांना मान्य नव्हते. काँग्रेसमधील आपली पदे सोडून या दोघांनी १९३४ मध्ये काँग्रेस राष्ट्रीय पक्षाची स्थापना केली. वर्षभरापूर्वी जो मनुष्य संस्थेचा अध्यक्ष होता, तोच आता तिच्या विरोधात निवडणुकीला उभा राहणार होता. त्या वेळी काँग्रेसनेही आपले मोठेपण दाखविले. मालवीयजी आणि अणे यांच्याविरुद्ध काँग्रेसचा उमेदवार उभा करायचा नाही, असे ठरले. धोरणावरून झालेली फूट माणसांच्या शत्रुत्वापर्यंत जाऊ न देण्याचा हा निर्णय होता. मध्यवर्ती कायदेमंडळात बापूजी आपल्या पक्षाचे नेते झाले.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत वादग्रस्त पर्व १९४१ मध्ये सुरू झाले. महायुद्धाच्या काळात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचा विस्तार करून त्यात अधिक भारतीय घेतले आणि परदेशस्थ भारतीयांचे खाते अणे यांनी स्वीकारले. हाती येईल ते अधिकारपद लोकहितासाठी वापरावे, हे त्यांच्या जुन्या भूमिकेशी सुसंगत होते. पण ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने गांधीजींसह काँग्रेसच्या नेत्यांना अटक केली. मंडळाचे सभासद या नात्याने त्याची जबाबदारी बापूजींवरही येत होती. त्याच महिन्यात त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर लष्कर व पोलिसांनी गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी यासाठी सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीत थेट अणे यांच्या निवासस्थानी गेले. अणे यांनी स्वतः चिमूरला जावे, अशी त्यांची मागणी होती. ती पूर्ण झाली नाही आणि भन्साळींनी तेथेच उपोषण आरंभिले. त्यांना दिल्लीतून हलविण्यात आले, तरी पुढे त्यांनी केलेले उपोषण ६३ दिवस चालले. आपल्याच विदर्भातील गावाचे दुःख दाराशी आले असता पदाच्या मर्यादा ओलांडणे बापूजींना जमले नाही, ही त्यांच्या जीवनातील ठसठसणारी नोंद आहे. चरित्रकाराला ती वगळता येत नाही.

मात्र त्या पदाला ते चिकटूनही राहिले नाहीत. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. त्यांची प्रकृती चिंताजनक झाली, तरीही सरकार त्यांना मुक्त करण्यास तयार नव्हते. तेव्हा अणे, सर होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार या तीन सभासदांनी राजीनामे दिले. ज्या गांधीजींच्या असहकाराशी बापूजींचे कधी पूर्ण जुळले नाही आणि ज्यांच्या काँग्रेसपासून ते नऊ वर्षांपूर्वी दूर झाले होते, त्यांच्या प्राणांसाठी त्यांनी साम्राज्याच्या दरबारातील आसन सोडले. त्यानंतर १९४७ पर्यंत सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, भारताचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी काम केले. तेथील मळ्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांच्या हक्कांचा प्रश्न त्या काळात ऐरणीवर होता.

स्वातंत्र्यानंतर सूडाचे राजकारण झाले असते, तर बेचाळीसच्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात बसलेल्या माणसाला विजनवासच नशिबी आला असता. प्रत्यक्षात दख्खनच्या संस्थानांच्या वतीने ते घटना समितीत आले आणि जानेवारी १९४८ मध्ये नेहरू सरकारच्या काळात बिहारचे राज्यपाल झाले. १९५२ पर्यंत ते त्या पदावर होते. नव्या राज्यकर्त्यांनी त्यांच्या भूतकाळातील एका पर्वापेक्षा सबंध चारित्र्याला अधिक मोल दिले.

राज्यपालपदानंतर सन्मानाने निवृत्त होण्याचा मार्ग मोकळा होता. बापूजींनी तो घेतला नाही. भाषावार प्रांतरचनेच्या वादात स्वतंत्र विदर्भ राज्य व्हावे, असे त्यांचे ठाम मत होते. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये तशी शिफारसही केली होती. ती बाजूला ठेवून १९५६ मध्ये विदर्भाचा समावेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात झाला. वणी-यवतमाळचा वऱ्हाड आणि मौदा-रामटेकचा नागपूर प्रांत यांचा इतिहास वेगवेगळा. वऱ्हाड दीर्घकाळ निजामाचा, तर नागपूर भोसल्यांचे. तरीही १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ मध्ये नागपूरकरांनी वऱ्हाडच्या या वयोवृद्ध नेत्याला अपक्ष म्हणून लोकसभेत पाठविले. दुसऱ्या विजयाच्या वेळी ते ८२ व्या वर्षात होते. ज्या पक्षाच्या सरकारने त्यांना राज्यपाल केले, त्याच पक्षाच्या विरोधात ते उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या पुरस्कर्त्यांना त्यांची भूमिका पटणे शक्य नव्हते. पण ती कोणत्या लाभासाठी आहे, असा संशय घेण्यास जागा नव्हती. त्या वयात मिळविण्यासारखे काही उरलेच नव्हते.

या सर्व धामधुमीत त्यांची विद्येची उपासना अखंड राहिली. लोकमान्यांवर त्यांनी ‘तिलकयशोऽर्णव’ हे सुमारे १२ हजार श्लोकांचे संस्कृत महाकाव्य रचले. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तारुण्यात ज्यांना गुरू मानले, त्यांचे ऋण त्यांनी उतारवयात अशा रीतीने फेडले.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षीच्या पद्मविभूषण सन्मानाच्या यादीत त्यांचे नाव आहे. स्वतंत्र विदर्भाचा प्रश्न आजही वादाचा आहे आणि जातीय निवाड्याविषयीची किंवा १९४१ मधील त्यांची भूमिका बरोबर होती की नव्हती, यावर अभ्यासकांचे एकमत होणार नाही. परंतु मत बदलण्यासाठी त्यांनी पद घेतले नाही आणि मत टिकविण्यासाठी पद सोडताना ते कचरले नाहीत. त्यांच्या विरोधकांनीही त्यांना शत्रू मानले नाही. सभागृहातील वाद दाराबाहेर वैर होऊन येतो, अशा काळात बापूजींच्या चरित्राचे हे पान उघडून पाहावे. त्यात बापूजींइतकेच श्रेय, त्यांच्याविरुद्ध उमेदवार न देणाऱ्या काँग्रेसचेही आहे.