कित्ता न गिरविणारा चित्रकार

जपानमधील लाकडी ठशांची चित्रे जगभर वाखाणली जातात. होकुसाई आणि हिरोशिगे यांनी चितारलेल्या लाटा, होड्या आणि सागरकिनारे ज्याने एकदा पाहिले, त्याला त्यांचा विसर पडत नाही. परंतु असे एक चित्र सिद्ध होण्यास अनेक हात लागत. चित्रकार कागदावर रेखाटन करी. कोरणारा ते लाकडावर कोरी. छापणारा रंग लावून छापी. आणि या सर्वांवर हुकमत चाले ती प्रकाशकाची. पिढ्यान्‌पिढ्यांची ही वहिवाट ज्याने मोडली, त्याचे नाव कानाए यामामोतो.

कानाएचा जन्म १८८२ साली ओकाझाकी या गावी झाला. वडील वैद्यकीचा अभ्यास करीत होते व घरची स्थिती बेताची होती. त्यामुळे प्राथमिक शिक्षण संपताच, वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, त्याला टोकियोतील एका लाकूड-कोरकाकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. पुस्तकांत व वृत्तपत्रांत छापावयाची चित्रे तेथे कोरली जात. दुसऱ्याने काढलेली रेघ तंतोतंत कोरायची, आपल्या मनाचे काही घालायचे नाही, हा त्या कामाचा नियम होता. कानाएचा हात तयार झाला. पण मन मात्र तेवढ्यावर तृप्त होईना. १९०२ साली त्याने टोकियोच्या कलाशाळेत प्रवेश मिळविला.

१९०४ च्या जुलै महिन्यात तो चोशी या बंदरी गेला होता. तेथे सणाचा पोशाख करून बंदर न्याहाळीत उभा असलेला एक कोळी त्याला दिसला. कानाएने त्याचे रेखाटन केले. मग ते दुसऱ्या कोणाच्या हाती न देता त्याने स्वतःच लाकडाची फळी घेतली. एकाच फळीच्या दोन्ही बाजू त्याने कोरल्या. एक पिवळसर मातकट रंगासाठी, दुसरी काळ्यासाठी. कोळ्याच्या गळ्यातील पंचा तेवढा कोऱ्या कागदाचा पांढराच राहिला. ते चित्र ‘म्योजो’ नावाच्या मासिकात प्रसिद्ध झाले. रेखाटणारा, कोरणारा आणि छापणारा एकच! या लहानशा चित्रातून ‘सर्जनशील ठसेचित्रां’ची चळवळ उगम पावली. तिला पुढे संघटित रूप आले, आणि १९१८ साली यामामोतो व त्याचे सहकारी यांनी अशा चित्रकारांची संस्था स्थापन केली.

दरम्यान १९१२ साली तो फ्रान्सला गेला होता. तेथील ब्रिटनी प्रांताचा सागरकिनारा व तेथील साधी माणसे त्याच्या मनात भरली आणि ठशांतून उमटली. महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ साली, तो रशियामार्गे मायदेशी परतला. वाटेत मॉस्को येथे त्याने मुलांनी काढलेली चित्रे आणि शेतकऱ्यांच्या हस्तकला पाहिल्या, आणि त्याच्या आयुष्याला नवे वळण मिळाले.

त्या काळी जपानी शाळांत चित्रकला म्हणजे पुस्तकातील नमुना हुबेहूब उतरविणे. जो उमेदवार नऊ-दहा वर्षे दुसऱ्याच्या रेघा कोरीत आला होता, त्याला हे दास्य चांगलेच ठाऊक होते. मुलांनी कित्ता गिरवू नये, डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाला भावलेले काढावे, असे तो ठिकठिकाणी सांगू लागला. १९१९ साली उएदाजवळील कांगावा येथील शाळेत मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शन भरले. मुलांच्या हाती चांगले रंग असावेत म्हणूनही तो झटला. १९२५ साली जपानमध्ये निघालेल्या तेलखडूमागे त्याची प्रेरणा होती. त्याच सुमारास, हिवाळ्यात रिकाम्या बसणाऱ्या शेतकऱ्यांना लाकडी वस्तू घडविण्यास शिकविणारी संस्थाही त्याने उभारली.

या व्यापात त्याची स्वतःची ठसेचित्रे मागे पडली. पुढे पैशाची चणचण भासू लागली, देशातील वारे बदलले आणि शेतकऱ्यांची संस्था बंद पडली. १९४२ साली आजाराने त्याला गाठले. १९४६ साली उएदा येथे त्याचे निधन झाले.

यामामोतोची ठसेचित्रे संख्येने फार नाहीत. परंतु त्याच्यामागून आलेल्या चित्रकारांनी स्वतःच्या हाताने पटाशी धरली, आणि असंख्य मुलांनी समोरचा नमुना मिटवून खिडकीबाहेर पाहिले. आपल्याला लाभलेले स्वातंत्र्य आपल्यापुरते न ठेवता त्याने ते लहानांच्या हाती दिले, हीच त्याची खरी थोरवी होय.