नागार्जुन : सोन्याची भट्टी आणि विचारांची आग



घाटकोपरच्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, आचार्य नागार्जुनांनी खरेच दगडाचे सोने केले होते का? उत्तर शोधताना आम्हाला त्यांचे चरित्र पुन्हा वाचावे लागले.

नागार्जुन साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. चिनी चरित्र त्यांना दक्षिणेतल्या ब्राह्मण कुळातले म्हणते, तिबेटी परंपरा विदर्भातले. रामटेकजवळची एक टेकडी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. जन्माने मिळालेला मान सोडून ते भिक्खू झाले. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ज्या सातवाहनांचा शिलालेख आहे, त्याच घराण्यातल्या राजाला त्यांनी पत्ररूपाने धम्म सांगितला, असे परंपरा मानते. रत्नावलीत तर त्यांनी राजाला कैद्यांशी माणुसकीने वागायला सांगितले.

सोन्याची गोष्ट सातव्या शतकात ह्युएन त्संगने नोंदवली. विहार बांधताना राजाचा खजिना संपला, तेव्हा नागार्जुनांनी औषधाने दगडांचे सोने केले, अशी ती कथा. पुढे अल्बेरुनीने रसायन जाणणाऱ्या एका नागार्जुनाचा उल्लेख केला, पण तो त्याच्या शंभरेक वर्षे आधीचा, म्हणजे दहाव्या शतकातला. नाव एक, माणसे वेगळी. लोकांनी दोघांना एकत्र केले.

रसशास्त्राच्या ग्रंथांत मात्र चमत्कारापेक्षा आगीचा हिशेब जास्त आहे. धातू मातीच्या दोन परळांत बंद करायचा, सांधा चिखल-कापडाने लिंपायचा आणि खड्ड्यात गोवऱ्यांची आच द्यायची, याला पुट म्हणतात. कपोतपुटाला आठ गोवऱ्या पुरतात, गजपुटाला मोठा खड्डा भरावा लागतो. वालुकायंत्रात कुपीभोवती वाळू असते. आधी मंद, मग मध्यम, शेवटी तीव्र आच. धातूची राख करण्याला मारण म्हणत. जुने रूप मेल्याशिवाय औषध होत नाही, असा त्यामागचा भाव. हे ज्ञान हात काळे करणाऱ्यांच्या कष्टातून आले.

दार्शनिक नागार्जुनांनीही आग तपासली. मूलमध्यमककारिकेच्या 27 प्रकरणांपैकी दहावे अग्नी आणि इंधनावर आहे. इंधनाशिवाय आग नाही आणि जळणाऱ्या आगीशिवाय कशाला इंधन म्हणता येत नाही. दोन्ही एकमेकांवर अवलंबून, म्हणून दोन्ही स्वभावशून्य. उपादान या शब्दाचा अर्थ इंधन आणि आसक्ती, दोन्ही होतो. निब्बाण म्हणजे ती आग विझणे.

आम्हाला यातच खरे सोने दिसते. स्वतःच्या बळावर काहीच टिकत नसेल, तर जन्मजात श्रेष्ठत्व तरी कसे टिकेल? जातही इंधनावर जळते. ते इंधन रूढी, लग्नाचे नियम आणि आपले मौन पुरवतात.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, दगडाचे सोने झाले नाही. पण कोणत्या आगीला आपण इंधन घालतो, हे तपासायला आचार्यांनी शिकवले. पुढच्या रविवारी दहावे प्रकरण वाचायला घेऊ. तुम्हीही तुमच्या विहारात घ्या.