टेबल नेमकं कोण फिरवतंय? पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर भूत उतरवणारे मायकेल फॅरेडे

प्लँचेट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. होस्टेलची खोली, लाईट बंद, एक मेणबत्ती, पाटावर खडूनं लिहिलेली अक्षरं आणि मधोमध उपडी वाटी. तिघाचौघांची बोटं वाटीवर टेकलेली. थोड्या वेळानं वाटी सरकायला लागते आणि सगळ्यांची बोलती बंद होते. ढकललं कुणी म्हणून विचारा, प्रत्येक जण आईची शपथ घेऊन सांगतो, मी नाही. आणि बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. खरी अडचण तिथेच आहे.

हे कोडं १८५३ साली लंडनमध्ये सुटलं. सोडवणारे होते मायकेल फॅरेडे. घराघरात येणारी वीज ज्यांच्या शोधावर उभी आहे, तेच.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहार, तेही आजारी. घरात खाण्यापिण्याची ओढाताण. शाळा लिहिण्यावाचण्यापुरती आणि थोड्या हिशेबापुरती झाली. चौदाव्या वर्षी पोरगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. सात वर्षं तिथेच गेली. पण बांधायला आलेलं पुस्तक हा पोरगा आधी वाचून काढायचा. विजेवरचा एक लेख त्यानं विश्वकोशात असाच वाचला आणि मिळेल त्या सामानातून घरी प्रयोग सुरू केले.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोरानं टिपणं काढली, स्वतःच्या हातानं नीट बांधली आणि डेव्हींना पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये तो तिथे मदतनीस म्हणून लागला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याच इमारतीत गेली. १८२१ मध्ये विजेच्या जोरावर तार गोल फिरवून दाखवली, आजच्या मोटारीचं मूळ तिथलं. १८३१ मध्ये चुंबकाच्या मदतीनं वीज तयार केली, जनरेटरचं मूळ ते.

आता भुताकडे येऊ. १८४८ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स घराण्यातल्या दोन बहिणींच्या घरात ठकठक ऐकू येऊ लागली. आत्मे बोलतात, अशी हवा झाली. त्यातल्या एकीनं १८८८ मध्ये, पायाच्या बोटांचे सांधे वाजवून तो आवाज काढत होतो, हे लोकांसमोर करून दाखवलं. पण तोवर चाळीस वर्षं लोटली होती आणि ते वेड समुद्र ओलांडून युरोपात पोचलं होतं.

१८५३ मध्ये लंडनच्या घराघरात टेबल फिरवायचे कार्यक्रम होऊ लागले. चारपाच जणांनी गोल टेबलाभोवती बसायचं, हात ठेवायचे, वाट बघायची. टेबल फिरायचं! कुणी म्हणे आत्मा, कुणी म्हणे सैतान, कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे चुंबक. विजेचं नाव निघालं की लोक फॅरेडे यांनाच पत्रं लिहायचे. पत्रांना ते कंटाळले. शेवटी स्वतःच बघायला गेले.

एक गोष्ट लक्षात घ्या. लबाड माणसं पकडायला ते गेले नव्हते. प्रयोगासाठी त्यांनी अशी माणसं निवडली, ज्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना शंका नव्हती आणि ज्यांच्या हाताखाली टेबल हमखास फिरायचं. काच, माती, रबर, लाकूड, पुठ्ठा असं काय काय हाताखाली ठेवून पाहिलं. टेबल फिरत राहिलं. विजेची किंवा चुंबकाची खूण कुठेच सापडली नाही.

मग त्यांनी साधी युक्ती काढली. गुळगुळीत पुठ्ठ्याचे चारपाच तुकडे एकावर एक ठेवले, मध्ये मऊ चिकट गोळ्या लावल्या. सगळ्यात खालचा तुकडा टेबलावर पक्का, वरच्यावर माणसांचे हात. पुठ्ठे जागचे हलले तर कळावं म्हणून खूण करून ठेवली. हिशेब सरळ होता. टेबल आधी सरकलं तर खालचा पुठ्ठा पुढे जाईल आणि हात मागे राहतील. हात आधी सरकले तर वरचा पुठ्ठा पुढे जाईल.

टेबल फिरल्यावर पुठ्ठे उचलून पाहिले. वरचा सगळ्यात पुढे, खालचे क्रमानं मागे. म्हणजे हात ओढत होते आणि टेबल मागून येत होतं.

मग त्यांनी एक काटा बसवला. हात जरा जरी बाजूला गेला तरी हलका काटा हलून दाखवायचा. काटा माणसांना दिसेनासा ठेवला, तर टेबल पूर्वीसारखं फिरायचं. काटा डोळ्यांसमोर आणला, तर टेबल जागचं हलायचं नाही. आपला हात ढकलतोय हे दिसलं की हात आपोआप थांबायचा. आत्माही तिथेच संपायचा.

३० जून १८५३ च्या ‘टाइम्स’मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत तसे हलतात, असं याचं सार. विल्यम कार्पेंटर यांनी आदल्याच वर्षी अशा हालचालींना शास्त्रीय नाव दिलं होतं.

फॅरेडे नास्तिक नव्हते बरं का. एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे ते निष्ठावान सभासद होते, तिथे प्रवचनही करायचे. मे १८५४ च्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं ते इतकंच, की जी गोष्ट खरी निघावी असं आपल्याला वाटतं, तीच सगळ्यात कडक तपासावी.

आपल्याकडे बोअर मारण्याआधी पाणाड्या बोलावतात. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो, नाहीतर हातातली दुबेळक्याची काडी खाली वळते. पाणाड्या फसवत असतोच असं नाही, त्याचा हात त्याच्या नकळत काम करतो. कुठेही खोदलं तरी पाणी लागेल अशा जमिनीत तो खरा ठरतो आणि त्याचं नाव होतं. कोरडी गेलेली बोअर मात्र कुणी सांगत फिरत नाही. ते पैसे शेतकऱ्याच्या कर्जाच्या वहीत जातात.

फॅरेडे यांनी सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट इथल्या घरी ते गेले. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे.

पुन्हा कधी प्लँचेटचा विषय निघालाच, तर सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि पाट गुपचूप फिरवून ठेवा. वाटी सरकेल, पण अक्षरं जुळणार नाहीत. आत्म्याला अक्षरं दिसायला आपले डोळे का लागतात, एवढं फक्त विचारा. आणि विचारताना मित्राला खोटारडा म्हणू नका. फॅरेडे यांनीही म्हटलं नव्हतं.