रणातली पक्षीनगरी मोजणारे डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आईवडील दोघेही गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तिथे आयुष्याची दिशा ठरली.

पुढची वाट मात्र खडतर होती. गणिताची धास्ती असल्याने कॉलेजचे पहिले वर्षच जड गेले. ब्रह्मदेशात कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळला, तो बुडाला. बर्लिनमध्ये पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये परतले, तर नोकरी नाही. त्या काळात अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. मग संस्थानांना त्यांनी कळवले, की मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च द्यावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करू. १९३९ मध्ये पत्नी तेहमिना यांचे निधन झाले. या आघातानंतरही पाहणी चालू राहिली.

कच्छचे महाराव विजयराजजी यांच्या आश्रयाने त्यांनी १९४३-४४ मध्ये कच्छच्या पक्ष्यांची पाहणी केली. कच्छच्या पश्चिमेला कोरी खाडी, उत्तरेला मोठे रण. पावसाळ्यात नद्यांचे आणि समुद्राचे पाणी रणात पसरते, आणि ते आटले की मिठाचा पांढरा थर उरतो. या उथळ पाण्यात रोहित पक्षी चिखलाचे बुटके ढीग रचून त्यावर अंडे घालतात. पाणी वाढले तर घरटी बुडतात, लवकर आटले तर पिल्ले उपाशी राहतात.

एप्रिल १९४५ मध्ये सलीम अली पच्छम बेटाच्या उत्तरेकडील या वसाहतीत पोहोचले. सर्वत्र चिखल, खारे पाणी आणि डोळे दिपवणारे ऊन. असंख्य पक्षी पाहिले, एवढे लिहून ते परत येऊ शकले असते. पण त्यांनी घरट्यांचा हिशेब मांडला. वापरातली घरटी एक लाखाहून अधिक भरली, आणि पिल्लांसह पक्ष्यांचा अंदाज सुमारे पाच लाखांवर गेला. गणिताला घाबरणाऱ्या मुलाचे हे काम पुढच्या अभ्यासकांना आधार ठरले.

१९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

छात्रमित्रांनो, पक्षी पाहायला एक दिवस जरी गेलात, तरी वही बरोबर ठेवा. जागा, वेळ आणि संख्या तिथेच लिहा. अंदाज असेल तर तो अंदाज म्हणूनच नोंदवा. उद्या सीमेवरच्या चौकीतून अहवाल पाठवताना हीच सवय उपयोगी पडेल.