खडकांचे वय सांगणारा आर्थर होम्स

लातूर जिल्ह्यातील रेणापूरच्या परिसरात विहीर खणू लागले, की काळी माती लवकरच संपते. मग मुरूम लागतो आणि त्याखाली कठीण काळा फत्तर. हा फत्तर येथे केव्हा आला? दगडावर कोणी जन्मतिथी कोरून ठेवीत नाही. तरीही खडकांचे वय ओळखता येते. ही विद्या ज्याने जन्मभर जोपासली, तो शास्त्रज्ञ म्हणजे आर्थर होम्स.

होम्सचा जन्म १८९० साली इंग्लंडच्या ईशान्य भागात हेबर्न येथे एका सामान्य कुटुंबात झाला. घरातील बायबलच्या समासात जगाच्या उत्पत्तीचे वर्ष इ. स. पूर्व ४००४ असे छापलेले होते. त्यातील वरची चार वर्षे इतकी नेमकी कशी मोजली, याचे त्या बालकाला मोठे कुतूहल वाटे. ते कुतूहल पुढे कधीच मावळले नाही.

१९०७ साली तो शिक्षणासाठी लंडनला गेला. युरेनियम हे मूलद्रव्य अतिशय मंद गतीने पालटत जाते आणि अखेर त्याचे शिसे बनते, हे तेव्हा नुकतेच उमगू लागले होते. वाळूच्या घड्याळात वरची वाळू घटते व खालची वाढते, तसाच हा प्रकार. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचा निम्मा साठा पालटण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणून खडकात युरेनियम किती उरले व शिसे किती साचले हे मोजले, की त्याचे वय कळते. १९११ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, होम्सने या रीतीने नॉर्वेमधील एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे ठरविले.

परंतु विद्येने पोट भरत नव्हते. त्याच वर्षी तो खनिजांच्या शोधार्थ आफ्रिकेत मोझांबिकला गेला आणि तेथे हिवतापाने मरणाच्या दारी पोहोचला. पुढे १९२० साली तेलाच्या शोधासाठी तो ब्रह्मदेशात गेला. ती कंपनी बुडाली. त्याहून दारुण गोष्ट म्हणजे त्याचा लहानगा मुलगा तेथे आजारी पडून मरण पावला. रिकाम्या हातांनी व जड अंतःकरणाने होम्स मायदेशी परतला. तथापि त्याने आपला अभ्यास सोडला नाही. १९२४ साली डरॅम येथे अध्यापकाचे पद मिळाल्यावर त्याच्या कार्याला स्थैर्य लाभले.

दरम्यान शिसे एकाच प्रकारचे नसून त्याचे निरनिराळे समस्थानिक असतात, असे सिद्ध झाले. त्यामुळे जुने हिशेब चुकू लागले. होम्सने त्याबद्दल अभिमान धरला नाही. पृथ्वीच्या इतिहासाचे आपलेच कालमापन त्याने १९४७ साली आणि पुन्हा १९५९ साली सुधारून प्रसिद्ध केले.

डोंगर उभे राहतात तेव्हा खडक खोल दडपले जातात. उष्णतेने व दाबाने त्यांचे रूपांतर होते. जुने स्फटिक मोडून नवे घडतात, आणि त्यांतील घड्याळ नव्याने सुरू होते. म्हणून अशा स्फटिकांवरून खडकाच्या रूपांतराचा काळही कळतो. या रीतीने मिळालेल्या वयांचा आधार घेऊन १९५५ साली होम्सने भारतीय द्वीपकल्पाच्या प्राचीन खडकांविषयी निबंध लिहिला. धारवाड, पूर्व घाट, सातपुडा असे पर्वतनिर्मितीचे निरनिराळे पट्टे व निरनिराळे काळ त्यात त्याने वेगळे करून दाखविले. त्यांतील काही आकडे पुढील संशोधकांनी बदलले. वाट मात्र त्याने घालून दिलेली होती.

२० सप्टेंबर १९६५ रोजी लंडन येथे होम्सचे निधन झाले. त्याची विद्या मात्र वाढतच राहिली. दख्खनचा काळा फत्तर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा होय, हे अशाच मापनाने निश्चित झाले आहे. १९९३ साली लातूर जिल्ह्यातीलच किल्लारी येथे भीषण भूकंप होऊन हजारो माणसे दगावली. त्यानंतर कारणांच्या शोधासाठी तेथे खोल विंधनविवर खणण्यात आले. सुमारे ३३८ मीटर जाडीच्या लाव्ह्याखाली आणि गाळाच्या एका पातळ थराखाली शेकडो कोटी वर्षांपूर्वीचे रूपांतरित खडक लागले.

रेणापूरच्या विहिरीतून निघालेला दगड मुका दिसतो. परंतु चिकाटीने विचारणारा भेटला आणि स्वतःची चूक सुधारण्याची त्याची तयारी असली, तर तोही आपले वय सांगतो.