भूदानाच्या आधी विनोबा मेवातमध्ये काय करत होते?

विनोबा भावे म्हटलं की भूदान आठवतं. पण त्याआधी ते फाळणीत बेघर झालेल्यांसाठी झटत होते.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ ला जन्मलेले विनोबा १९४८ मध्ये नेहरूंच्या विनंतीवरून दिल्लीला गेले. दिल्लीजवळच्या मेवातमधले मेव मुसलमान घरी परतू पाहत होते. पण अनेकांच्या घरा-जमिनींवर पाकिस्तानातून आलेले निर्वासित राहत होते. दोघेही उद्ध्वस्त.

मेवांना पुन्हा वसवण्यासाठी विनोबा तिथे फिरले. सरकारी आदेशाने घर मिळतं, शेजार मिळत नाही. तो लोकांनीच द्यावा लागतो.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, तेव्हा विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारलं. रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. भूदान सुरू झालं.